लोकोचं खडप: विद्यापीठाचं एक कुंपण आणि एका कोळीवस्तीचा निर्णय

सागरी मासेमारी टिकावी म्हणून विद्यापीठं काय करतात, असं विचारलं की सहसा अहवाल पुढे केला जातो. अहवाल खात्याकडे जातो, खातं नियम काढतं, आणि बंदरावर तो नियम कोणी मनावर घेत नाही. चिली देशाच्या मध्य किनाऱ्यावर १९८० च्या दशकात सुरू झालेलं ‘लोको’ नावाच्या समुद्री गोगलगायीचं प्रकरण या वाटेने गेलं नाही. तिथे आधी एका विद्यापीठाने स्वतःच्या दारातलं खडप, म्हणजे किनाऱ्यावरचा खडकाळ भाग, बंद केलं, मग काही कोळीवस्त्यांनी आपलं खडप बंद केलं, आणि कायदा सगळ्यात शेवटी आला. पुढे या कायद्याचं जगभर कौतुक झालं, तसे त्यातले दोषही उघडे पडले. दोन्हींबद्दल लिहायला हवं.

या लेखातल्या वस्तीचं आणि मच्छीमारांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. संशोधक, संस्था, कायदे आणि सालं सार्वजनिक नोंदीतली आहेत.

पार्श्वभूमी

चिलीचा किनारा चार हजार किलोमीटरांहून लांब आणि बराचसा खडकाळ आहे. हंबोल्ट प्रवाहाचं थंड पाणी तळातली पोषकद्रव्यं वर आणतं, त्यामुळे खडपं शिंपल्यांनी आणि शेवाळाने गच्च भरलेली असतात. याच खडपांवर ‘लोको’ ही मोठी समुद्री गोगलगाय राहते. तिचं शास्त्रीय नाव कोंकोलेपास कोंकोलेपास. वरून पाहिली तर ती अबालोनी या दुसऱ्या समुद्री गोगलगायीसारखी दिसते, म्हणून परदेशी बाजारात ‘चिलीचं अबालोनी’ या नावाने खपली. मात्र अबालोनी शेवाळावर जगतं आणि लोको शिकारी आहे. शिणाण्यांसारखी खडपाला चिकटून राहणारी शिंपली आणि बार्नॅकल (खडकावर घट्ट बसणारे छोटे कवचधारी जीव) हे तिचं खाणं. मांस एवढं चिवट की शिजवण्याआधी ते चांगलं बडवून घ्यावं लागतं. चिलीच्या घरांत ते मेयोनेझबरोबर आवडीने खाल्लं जातं.

लोको दोन प्रकारचे लोक काढतात. काहीजण ओहोटीला पायी खडपावर जाऊन हाताने गोळा करतात. बाकीचे पाणबुडे. छोट्या होडीवर हवेचा कॉम्प्रेसर ठेवायचा, त्याची लांब नळी तोंडात धरून तळाशी जायचं आणि लोखंडी हुकाने लोको खडकावरून उचकटायचे, अशी त्यांची पद्धत. जाळं नाही, ट्रॉलर नाही. होडीत दोन-तीन माणसं. अशा होड्या जिथे लागतात त्या छोट्या बंदराला आणि त्याला लागून असलेल्या वस्तीला तिकडे ‘कालेता’ म्हणतात.

१९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत वर्षाकाठी काही हजार टन लोको निघत आणि जवळजवळ सगळे देशातच खाल्ले जात. १९७३ च्या लष्करी उठावानंतर देशाने अर्थव्यवस्था खुली केली आणि निर्यातीची दारं उघडली. जपान, तैवानकडून मागणी आली, भाव चढले. १९८० साली लोकोची काढणी पंचवीस हजार टनांच्या आसपास पोचली. एका खडपावरचा माल संपला की पाणबुडे होड्या ट्रकवर चढवून पुढच्या किनाऱ्याला जात. दक्षिणेकडच्या वस्त्यांत अचानक अनोळखी पाणबुडे, व्यापारी आणि पैसा येऊन थडकला. त्या काळाला चिलीत आजही ‘लोकोचा ताप’ म्हणतात.

अडचण

आपली वस्ती वाल्परायसो प्रांतातली. लोकोच्या तापात तिने बरा पैसा पाहिला होता, पण दशक संपेपर्यंत जवळच्या खडपांवर बुडी मारणं परवडेनासं झालं. हाती येणारे लोको लहान होते आणि त्यांच्यासाठी अधिक खोल जावं लागत होतं.

यात अज्ञान कुठेच नव्हतं. लोको संपतोय हे पाणबुड्यांना कोणाही शास्त्रज्ञाच्या आधी कळलं होतं, कारण रोज तळाशी तेच जात होते. अडकलं होतं ते इथे: समुद्र सगळ्यांचा होता. आज मी लहान लोको सोडला तर उद्या शेजारच्या बंदराची होडी तो उचलणार, आणि तिने सोडला तर परवा ट्रकने आलेली. लोकोला दहा सेंटिमीटरच्या कायदेशीर मापापर्यंत वाढायला चार-पाच वर्षं लागतात. ज्या खडपावर आपला हक्कच नाही तिथे कोणी एवढी वर्षं थांबणार नाही. शहाणपणाचा हिशोब केला तर आजच उचलणं बरोबर ठरत होतं.

त्यात राजकारण. लष्करी राजवटीत मच्छीमारांच्या संघटना दबलेल्या होत्या. सरकारकडून येणारे नियम वरून येत, ते करताना कालेतात कोणाला विचारलं जात नसे.

विद्यापीठाचं कुंपण

हा भाग मुळात मासेमारीसाठी सुरू झालाच नव्हता, हे लक्षात ठेवायला हवं.

हुआन कार्लोस कास्तिया हे चिलीच्या पॉन्टिफिकल कॅथलिक विद्यापीठातले सागरी परिसंस्थातज्ज्ञ. १९८२ मध्ये सान्तियागोपासून शंभरेक किलोमीटरवर लास क्रूसेस इथे विद्यापीठाचं किनारी संशोधन केंद्र उभं राहिलं. त्याच वर्षाच्या अखेरीस केंद्रासमोरचा खडपाचा छोटा पट्टा माणसांना बंद करण्यात आला. कुंपण घातलं, पहारा ठेवला. आतून कोणी काहीच काढायचं नाही, आणि बाहेरच्या खडपांवर नेहमीसारखी काढणी चालू राहू द्यायची.

प्रश्न शास्त्रीय होता. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठाच्या रॉबर्ट पेन यांनी १९६० च्या दशकात खडपावरचे तारामासे हाताने उचलून फेकले आणि दाखवलं की एक शिकारी काढला की अख्ख्या खडपाचं रूप पालटतं. चिलीत विचारलं गेलं ते उलट बाजूने: खडपावरचा सगळ्यात मोठा शिकारी माणूस आहे, तो काढला तर काय होईल? दक्षिणेला मेहुईन इथे आउस्त्राल विद्यापीठाच्या कार्लोस मोरेनो यांच्या गटाने १९७८ पासूनच असा एक तुकडा बंद ठेवला होता. दोन्ही गट एकमेकांपासून शेकडो किलोमीटर दूर, आणि दोघांना सापडलेल्या गोष्टी एकाच दिशेच्या होत्या.

लास क्रूसेसच्या कुंपणाआड दोन-तीन वर्षांत लोको परतले, तेही मोठे. त्यांनी खडपावरची शिंपल्यांची दाट चटई खाऊन विरळ केली आणि मोकळ्या जागी बार्नॅकल बसले. कुंपणाबाहेर शिंपल्यांची काळी चटई तशीच. मेहुईनला बंदीमुळे लिंपेट (टोपीसारख्या कवचाच्या, शेवाळ चरणाऱ्या गोगलगायी) वाढले आणि त्यांनी शेवाळ चरून कमी केलं. ही निरीक्षणं १९८४-८५ मध्ये शास्त्रीय नियतकालिकांत छापून आली.

शोधनिबंध कालेतात कोणी वाचला नसणार. पण लास क्रूसेसचं खडप पाहायला कोणाचीच हरकत नव्हती. कुंपणाच्या एका बाजूला काय आहे आणि दुसऱ्या बाजूला काय, हे समजायला आकडेमोड लागत नव्हती. या प्रकरणात विद्यापीठाची सर्वांत मोठी मदत मला हीच वाटते: सल्ला देण्याआधी त्याने स्वतःच्या दारातल्या खडपावर स्वतः बंदी पाळली होती. स्थानिक गोळा करणाऱ्यांना तेवढा तुकडा सोडावा लागला, हेही खरं. त्यांच्या नुकसानीचा हिशोब कुठे मांडलेला मला दिसला नाही.

समोर असलेले पर्याय

१९८० च्या दशकभर सरकार एकामागून एक उपाय करून पाहत होतं, त्यामुळे वस्तीसमोरच्या पर्यायांतले बरेचसे तिने जवळून पाहिलेले होते.

किमान माप आणि प्रजननकाळातली बंदी हा पहिला. कागदावर उत्तम. पण शिंपलं समुद्रातच फेकून नुसतं मांस किनाऱ्यावर आणलं की माप घ्यायचं कशाचं? हजारो किलोमीटरच्या किनाऱ्यावर प्रत्येक होडीमागे निरीक्षक ठेवणं कुठल्याच देशाला जमणारं नाही.

दुसरा, साऱ्या देशासाठी एकच कोटा. हंगाम उघडला की कोटा संपायच्या आत जमेल तेवढं उचलायचं, अशी शर्यत लागायची. वाईट हवेतही होड्या जायच्या आणि सगळा माल एकदम बाजारात आल्याने भाव पडायचा.

तिसरा, सरसकट बंदी. १९८९ ते १९९२ चिलीने लोकोची काढणी पूर्ण बंद ठेवली. भाव चांगला असताना बंदी घातली की धंदा चोरबाजारात जातो. तसाच तो गेला.

चौथा पर्याय शास्त्रज्ञांना फार भुरळ घालणारा होता: लोकोची कृत्रिम पैदास करून पिल्लं समुद्रात सोडणं. पण लोकोची अळी पाण्यात साधारण तीन महिने तरंगत राहते, मग खडपावर बसते. एवढा काळ टाकीत तिला जगवणं आणि नंतर एका मांसाहारी गोगलगायीला वर्षानुवर्षं खाऊ घालणं हे व्यापारी गणितात बसलं नाही.

पाचवा, प्रत्येक नोंदणीकृत पाणबुड्याला वैयक्तिक कोटा. बंदी उठल्यावर १९९३ पासून सरकारने हे खरोखरच करून पाहिलं. कोट्याच्या परवान्यांचीच बेकायदा खरेदी-विक्री होऊ लागली. कोणाचा माल कोणाच्या नावावर उतरतोय हे तपासणं अवघड होऊन बसलं, आणि दशकाच्या अखेरीस हा प्रयोग आवरावा लागला.

सहावा पर्याय होता समुद्राचा तुकडा कालेताला देणं. लोको खडप सोडून लांब जात नाही, त्यामुळे ‘आमचे लोको’ या शब्दांना काही अर्थ राहतो. बांगड्याबद्दल असं म्हणता येणार नाही. गोष्ट साधी वाटते, पण हा पर्याय उभा राहतो तो याच एका जैविक तथ्यावर.

वस्तीने काय केलं

कास्तियांचा गट १९८० च्या दशकाच्या शेवटी मध्य किनाऱ्यावरच्या काही कालेतांबरोबर काम करू लागला. आपल्या वस्तीच्या मच्छीमार संघटनेने बंदराजवळचं एक क्षेत्र स्वेच्छेने बंद केलं. कायद्याचा आधार तेव्हा नव्हता, आधार होता तो आपसातल्या शब्दाचा आणि विद्यापीठाच्या उपस्थितीचा.

कुठलं खडप बंद करायचं, हा पहिला निर्णय. सगळ्यात समृद्ध जागा निवडावी की नजरेच्या टप्प्यातली? किनाऱ्यावरून दिसणारी जागा राखता येते. टोकापलीकडची जागा कितीही चांगली असली तरी रात्री कोणीही साफ करून जाईल. राखणदारीचा विचार करून जवळची जागा निवडणं शहाणपणाचं ठरलं. पुढे देशभर क्षेत्रं वाटली गेली तेव्हा हा निकष बऱ्याच ठिकाणी विसरला गेला.

दुसरा निर्णय: मोजणार कोण? विद्यापीठाचे विद्यार्थी पाणबुड्यांसोबत तळाशी गेले, आखलेल्या पट्ट्यांतले लोको मोजले, मापं घेतली. मोजणीत वस्तीचे पाणबुडे होते, ही बाब छोटी नाही. दुसऱ्याने काढलेल्या आकड्यावर माणूस वाद घालतो. स्वतः मोजलेल्यावर वाद घालायला त्याला थोडं अवघड जातं. शिवाय लोको कुठल्या कपारीत दडतो हे विद्यार्थ्यांपेक्षा पाणबुड्यांना अधिक ठाऊक, त्यामुळे मोजणीही सुधारली.

तिसरा निर्णय सगळ्यात अवघड होता. थांबायचं. बंद क्षेत्रात लोको वाढताना दिसत होते आणि बाहेर चोरबाजारात भाव चढा होता. घरात पैशाची ओढ असताना समोर पडलेला माल न उचलणं म्हणजे काय, ते समुद्रकाठच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. देशभरची बंदी इथे उलट मदतीला आली: सगळेच (निदान कागदोपत्री) थांबलेले असताना आपणही थांबणं थोडं सोपं झालं.

चौथा निर्णय बाजाराचा. बंदी उठून काढणी पुन्हा सुरू झाली तेव्हा संघटनेने एकेकट्याने विकण्याऐवजी एकत्र विक्री केली. क्षेत्रातला लोको जिवंत पडून आहे, तो कुठे पळत नाही. आधी व्यापाऱ्याशी भाव ठरवायचा, मग लागेल तेवढाच काढायचा. शर्यतीच्या काळात पाणबुडा माल घेऊन किनाऱ्यावर उभा असे आणि व्यापारी सांगेल तो भाव घेई. आता घाई व्यापाऱ्याला होती. मला विचाराल तर वस्तीतल्या बहुतेकांना पटलं ते इथे. जीवशास्त्र त्यामागून आलं.

अशा क्षेत्रांतून निघालेले लोको खुल्या खडपांवरच्या लोकोंपेक्षा मोठे होते, आणि तासाभराच्या बुडीत हाती लागणारा मालही जास्त होता.

प्रयोगाचा कायदा कसा झाला

काळ अनुकूल होता. १९८८ च्या सार्वमतात लष्करी राजवट हरली आणि मार्च १९९० मध्ये निवडून आलेलं सरकार आलं. मच्छीमारांच्या संघटना पुन्हा बोलू लागल्या. लोकोचा धंदा कोसळलेला होता आणि नव्या मासेमारी कायद्यावर चर्चा चालू होती. खात्यातले लोक, संघटनांचे पुढारी आणि विद्यापीठांतले शास्त्रज्ञ एकमेकांना आधीपासून ओळखत होते. त्यांच्याजवळ दाखवायला चालू स्थितीतले दोन-चार नमुने होते. संकट आलं तेव्हा उपाय टेबलावर तयार होता. उलट क्रमाने, म्हणजे संकट आल्यावर संशोधन सुरू केलं असतं, तर निकाल यायला लोकोच्या वाढीइतकी वर्षं लागली असती.

१९९१ च्या मासेमारी आणि मत्स्यसंवर्धन कायद्यात तीन गोष्टी आल्या. किनाऱ्यापासून पाच सागरी मैलांचा पट्टा छोट्या मच्छीमारांसाठी राखला गेला. मच्छीमाराने आपल्या नोंदणीच्या प्रांतातच मासेमारी करावी असं ठरलं, म्हणजे ट्रकवर होड्या चढवून फिरण्याला आळा. आणि तळाला राहणाऱ्या जीवांसाठी ‘व्यवस्थापन क्षेत्रं’ नोंदणीकृत मच्छीमार संघटनांना देण्याची तरतूद झाली. मालकी नाही, काढणीचा एकहाती हक्क. त्यासाठी संघटनेने आधी क्षेत्राची पायाभूत पाहणी करून घ्यायची, व्यवस्थापन आराखडा मंजूर करून घ्यायचा आणि ठरावीक काळाने पुन्हा मोजणी करून किती लोको काढता येतील ते ठरवून घ्यायचं. पाहणी करणार विद्यापीठं किंवा सल्लागार संस्था.

नियमावली यायला आणखी काही वर्षं गेली आणि प्रत्यक्ष वाटप १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झालं. वैयक्तिक कोट्याचा प्रयोग गुंडाळल्यावर लोको कायदेशीरपणे काढायचा तर तो व्यवस्थापन क्षेत्रातूनच, अशी स्थिती आली.

परिणाम

आकड्याने पाहिलं तर यश मोठं आहे. कालांतराने अशी सातशेच्या आसपास क्षेत्रं जाहीर झाली आणि हजारो मच्छीमार त्यांत आले. लोकोचा धंदा पूर्ण बुडण्यापासून वाचला. नीट राखलेल्या क्षेत्रांत लोको आणि लिंपेट तर वाढलेच, शिवाय मासे आणि इतर अपृष्ठवंशी जीवही खुल्या जागांपेक्षा अधिक विविध आढळले. चिलीतल्याच पुढच्या पिढीच्या संशोधकांनी, विशेषतः स्तेफान गेल्सिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, हे मोजून दाखवलं.

आता दुसरी बाजू.

लोकोचा भाव निर्यातीच्या भरात होता तसा टिकला नाही. व्यवस्थापन क्षेत्रं घेताना बऱ्याच वस्त्यांनी जुन्या भावाने उत्पन्नाचा हिशोब केला होता. भाव उतरला तेव्हा पाहणीचा खर्च, क्षेत्रासाठी भरायची रक्कम आणि राखणीचं इंधन वजा करून हाती फारसं उरेना. ज्या वस्तीत लोको भरपूर आणि संघटना घट्ट, तिथे योजना चालली. बाकी ठिकाणी क्षेत्र कागदावर राहिलं किंवा सोडून दिलं गेलं.

चोरी थांबली नाही. चांगलं राखलेलं क्षेत्र म्हणजे चोरासाठी एका जागी साठवलेला माल. राखणीचं काम संघटनेच्या सभासदांनी आळीपाळीने रात्र जागून करायचं, आणि चोर सापडलाच तर खातं येईपर्यंत थांबायचं. देशात खपणाऱ्या लोकोचा मोठा वाटा बेकायदा काढलेला असतो, असं अभ्यास सांगतात.

सगळ्यात बोचरा परिणाम मात्र क्षेत्रांच्या बाहेरच्या समुद्रावर झाला. पाणबुड्याने आपल्या संघटनेचं क्षेत्र राखलं, पण पोट रोजचं आहे. मग तो उरलेल्या खुल्या खडपांवर गेला. त्या आधीच कमी झालेल्या जागांवर भार वाढला. आत शिस्त आणि बाहेर झोड, असं चित्र अनेक ठिकाणी दिसू लागलं.

आणखी एक गोष्ट फार कमी सांगितली जाते. मध्य चिलीत कोचायुयो नावाचं जाड समुद्री शेवाळ काढणारी एक वस्ती होती. तिथे दरवर्षी चिठ्ठ्या टाकून किनाऱ्याचे तुकडे घराघरांत वाटून घेण्याची जुनी रीत होती. सरकारी व्यवस्थापन क्षेत्र आल्यावर हक्क संघटनेकडे गेला आणि त्या रीतीचा आधारच खिळखिळा झाला. गेल्सिच, कास्तिया आणि इतरांनी २००६ मध्ये हे स्वतःच प्रसिद्ध केलं. आपणच सुचवलेल्या धोरणाने कुठे नुकसान केलं ते शोधून छापणं, हे मला त्या विद्यापीठाच्या कामातलं कुंपणाइतकंच महत्त्वाचं पाऊल वाटतं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिला मुद्दा जीवशास्त्राचा, आणि तो तेव्हाही माहीत होता. लोकोची अळी महिनोन्‌महिने तरंगते, म्हणजे एका वस्तीच्या खडपावरची पिल्लं बहुधा दुसऱ्याच किनाऱ्यावरच्या आयांची. एकेक क्षेत्र कितीही सांभाळलं तरी त्याचं भवितव्य बाहेरच्या समुद्रावर अवलंबून आहे. तरी पायाभूत पाहणी करताना क्षेत्राच्या आतलेच लोको मोजले गेले. पाणबुडा उरलेले दिवस कुठे बुडी मारतो, काय काढतो, हे त्याच अर्जात विचारलं असतं तर बाहेर सरकणारा भार सुरुवातीलाच दिसला असता. हा प्रश्न खात्यापेक्षा विद्यापीठाने लावून धरायला हवा होता.

दुसरा मुद्दा पाहणीच्या खर्चाचा. प्रयोगाच्या काळात मोजणी विद्यापीठाच्या पैशाने आणि पाणबुड्यांच्या श्रमाने झाली. कायद्यात आल्यावर ती सल्लागाराकडून विकत घ्यायची सेवा झाली. सल्लागार येतो, मोजतो, अहवाल देतो, बिल देतो. वस्तीचे पाणबुडे काही ठिकाणी नुसते होडी चालवायला उरले. पहिल्या वस्त्यांत जे घडलं त्यात मच्छीमारांनी स्वतः मोजण्याला मोठी जागा होती; नियमावलीत नेमकं तेच ऐच्छिक राहिलं. संघटनेतल्या चौघांना मोजणी शिकवून विद्यापीठाने केवळ पडताळणी करावी, अशी व्यवस्था कमी खर्चात झाली असती.

तिसरा, वेग. दोन-चार वस्त्यांवरून शेकडो वस्त्यांवर जाताना सगळ्यांना एकच साचा लावला. उत्तरेचं वाळवंट, मध्य किनारा आणि चिलोएची बेटं यांची खडपंही वेगळी आणि माणसंही. जिथे आधीपासून वाटपाची रीत होती तिथे तिच्यावरच कायद्याचा शिक्का मारणं शक्य होतं.

याच संदर्भात आपल्याकडची एक आठवण येते. लास क्रूसेसचं कुंपण घातलं गेलं त्यानंतर पाच वर्षांनी, १९८७ मध्ये, मालवणचं सागरी अभयारण्य जाहीर झालं. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाभोवतीचं पाणी त्याच्या गाभ्यात आलं. त्यालाही शास्त्रीय आधार होता, प्रवाळ होतं, जैवविविधता होती. पण रेषा नकाशावर आधी आली आणि मच्छीमारांशी बोलणं नंतर, आणि विरोध वर्षानुवर्षं धुमसत राहिला. दोन्हीकडे समुद्राचा तुकडाच राखायचा होता. फरक क्रमाचा होता, आणि राखलेल्या तुकड्यातून पुढे कोणाला काय मिळणार याचा.

चिलीचा साचा उचलून कोकणात आणावा असं मात्र मी म्हणणार नाही. बांगडा, तारली, पापलेट फिरते मासे आहेत. त्यांच्यासाठी एका गावाला समुद्राचा तुकडा देऊन काही साधत नाही. कालवं, शिणाणे, तिसऱ्या यांच्याबाबत मात्र तो साचा विचार करण्यासारखा आहे. भारतात याच्या जवळ जाणारं उदाहरण केरळच्या अष्टमुडी सरोवराचं. तिथल्या शिंपल्यांच्या काढणीवर केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या अभ्यासाच्या आधारे बंदीकाळ आणि जाळ्याच्या आसाचं माप ठरलं, आणि २०१४ मध्ये तिला मरीन स्टुअर्डशिप काउन्सिल या टिकाऊ मासेमारी तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं प्रमाणपत्र मिळालं, भारतात पहिल्यांदाच.

सध्याची स्थिती

लास क्रूसेसचं खडप अजून बंद आहे. २००५ मध्ये त्याला सरकारी संरक्षित क्षेत्राचा दर्जा मिळाला. चाळीस वर्षांहून अधिक काळ तुलनेसाठी राखलेला असा तुकडा जगात फार थोड्या किनाऱ्यांवर आहे.

आपल्या वस्तीसारख्या मध्य किनाऱ्यावरच्या काही कालेतांनी गेल्या दशकात आणखी एक पाऊल टाकलं आहे. आपल्या व्यवस्थापन क्षेत्राचा एक कोपरा त्यांनी स्वतःहून पूर्ण बंद केला, तिथून लोकोही काढायचा नाही. त्यामागेही विद्यापीठातल्या संशोधकांचं काम आहे. अडलं आहे ते पहाऱ्याच्या पैशावर. लोकोच्या विक्रीतून तो सुटत नाही, म्हणून पर्यावरणासाठी निधी देणाऱ्यांकडून पहाऱ्याचा खर्च मिळवायचे प्रयत्न चालले आहेत. निधी मिळतो तो काही वर्षांच्या करारावर. करार संपल्यावर रात्रीच्या पाळीला कोण जाणार, हा विषय संघटनांच्या बैठकीत अजून सुटलेला नाही.